झडलेल्या लवेचा निंफ : ट्राउटसाठी घरच्या घरी फ्लाय बांधताना

पुण्यात राहून ट्राउटसाठी फ्लाय, म्हणजे गळावर केस-पिसे बांधून केलेले कीटकासारखे आमिष, बांधत बसणे हा प्रथमदर्शनी उफराटा उद्योग वाटेल. ट्राउट हा थंड पाण्याचा मासा आहे. पाणी वीस अंशांच्या वर गेले की त्याचे खाणे मंदावते आणि पंचवीसच्या आसपास तर त्याच्या जिवावर बेतते, त्यामुळे मुळा-मुठेत किंवा खडकवासल्याच्या वरच्या अंगाला तो सापडण्याचा प्रश्नच येत नाही. इंग्रजांनी १९०९ च्या सुमारास कुल्लूच्या परिसरात आणून वाढवलेला तपकिरी ट्राउट आज तीर्थनसारख्या नद्यांत नांदतो आहे, आणि इथला हौशी माणूस वर्षातून एकदा, फार तर दोनदा, परवाना काढून त्याच्या मागे जातो. हिमाचलात नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात ट्राउट पकडायला बंदी असते. म्हणजे पुण्यात जेव्हा संध्याकाळी पंखा न लावता जेवणाच्या टेबलाशी निवांत बसता येते, नेमके तेच महिने फ्लाय बांधण्याचे ठरतात. थंडी सरता सरता घरोघरचे लॅब्रॉडॉर आणि जर्मन शेफर्ड आपली हिवाळी लव झाडू लागतात, हा योगायोग या कामी फार सोयीचा आहे. त्याचे कारण पुढे येईलच.

निंफ म्हणजे मेफ्लायसारख्या कीटकांची पाण्यात वाढणारी अपक्व अवस्था. मावा किंवा तुडतुडे यांच्या बाबतीत शेतकरी ज्यांना ‘पिल्ले’ म्हणतात, तीच ही अवस्था; फरक इतकाच की ही पिल्ले वाहत्या पाण्यातल्या दगडांना चिकटून राहतात. ट्राउट पृष्ठभागावरच्या माश्या टिपताना दिसतो म्हणून त्याचेच कौतुक होते, पण त्याचे बहुतेक पोट पाण्याखालच्या या पिल्लांवर भरते. बांधण्यापूर्वी खरा निंफ एकदा डोळ्यांनी पाहावा, असा माझा आग्रह आहे, आणि त्यासाठी हिमालयात जावे लागत नाही. पाऊस ओसरल्यावर ताम्हिणीच्या बाजूला एखाद्या स्वच्छ, खळखळत्या ओढ्यातला तळहाताएवढा दगड उचलून उलटा करावा आणि क्षणभर थांबावे. ओल्या दगडावर आधी काहीच दिसत नाही. मग एक चपटा, मातकट रंगाचा, तांदळाच्या दाण्याएवढा जीव कडेकडे सरकू लागतो. त्याला सहा पाय असतात, मागे बहुधा तीन बारीक शेपट्या असतात, आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना कल्ल्यांची झालर सतत थरथरत असते. छातीवर, पुढे पंख फुटायचे असतात तिथे, एक गडद फुगीर कवच दिसते. दगड परत होता तसा ठेवून द्यावा. शेपटी, निमुळते पोट, फुगीर छाती, तिच्यावरचे गडद कवच आणि ती थरथर, एवढ्याच गोष्टी आपल्याला गळावर उतरवायच्या आहेत. त्यांपैकी पहिल्या चार कोणत्याही सामग्रीतून साधतात. थरथर मात्र नैसर्गिक केसांतूनच येते, कारण पाण्यात भिजलेला बारीक केस प्रवाहाच्या लहानशा हेलकाव्यालाही हलतो आणि त्याच्या जाळीत अडकलेले हवेचे सूक्ष्म बुडबुडे चमकत राहतात.

अशा पिल्लाची नक्कल करणाऱ्या फ्लायलाही निंफच म्हणतात. तिचे मूळ रूप युरोपातील रानसशाच्या चेहऱ्यावरचे आणि कानांवरचे केस वापरून बांधले जाते. त्याचे आंधळे अनुकरण इथे करू नये. आपल्याकडचा रानससा आणि मुंगूस हे दोन्ही प्राणी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. मुंगसाच्या केसांचे रंगकामाचे ब्रश जसे बेकायदा ठरतात, तशीच त्याच्या केसांची फ्लायही ठरते. कुणी ‘जुना साठा आहे’ असे सांगून पुडी पुढे केली तरी ती घेऊ नये. जुन्या इंग्रजी फ्लायांत मिरवणारी रानकोंबड्याची पिसेही याच कारणासाठी वर्ज्य समजावीत. आणि खरे सांगायचे तर त्यांची गरजही पडत नाही.

केस कोणते आणि कसे

दाट अंगाच्या कुठल्याही प्राण्याच्या कातडीवर दोन प्रकारचे केस असतात. खाली मऊ, आखूड, किंचित कुरळी लव असते, जी थंडीपासून बचाव करते. तिच्यातून वर आलेले लांब, सरळ, चकचकीत आणि टोकाला अणकुचीदार असे राठ केस असतात. लॅब्रॉडॉरच्या अंगावरून तारेच्या ब्रशने काढलेला पुंजका उजेडात धरला की हे दोन्ही स्पष्ट वेगळे दिसतात. लव धाग्याला धरून ठेवते आणि पोटाला भर देते, तर राठ केस बाहेर डोकावून पाय आणि कल्ले होतात. नुसत्या लवेचा निंफ गुळगुळीत आणि मेल्यासारखा दिसतो, नुसते राठ केस धाग्यावर ठरतच नाहीत. सगळी कला या दोहोंच्या मिश्रणात आहे. पोटासाठी मी तीन भाग लव आणि एक भाग राठ केस घेतो, छातीसाठी निम्मे-निम्मे.

मुंबई-पुण्याच्या गावठी कुत्र्यांच्या अंगावर लव फारशी नसते, त्यामुळे त्यांच्याकडून राठ केसच मिळतात. लवेसाठी लॅब्रॉडॉर, जर्मन शेफर्ड किंवा स्पिट्झ पाळणारा शेजारी गाठावा. तो आनंदाने पिशवी भरून देतो, शिवाय याचे तुम्ही काय करता हे विचारण्यासाठी चहालाही बोलावतो. पाळीव सशाची विंचरून निघालेली लव धाग्यावर सर्वांत सहज बसते, म्हणून नवशिक्याने तिच्यापासून सुरुवात करावी. पर्शियन मांजरीची लव इतकी तलम असते की ओली होताच तिचा गोळा होतो. ती थोडीशी, दुसरे केस बांधून ठेवण्यापुरतीच मिसळावी. बोकडाचे केस दिसायला आकर्षक, पण फार जाड आणि निसरडे असतात, त्यांचा नाद मी सोडून दिला आहे.

आणलेले केस आधी धुवावेत. तरंगत्या फ्लायसाठी केसांतली नैसर्गिक तेलकटी उपयोगाची असते, कारण ती पाणी झटकते. निंफ मात्र बुडायला हवा, म्हणून ती काढून टाकणेच योग्य. कोमट पाण्यात सौम्य शाम्पूचे दोन थेंब टाकून पुंजका नुसता बुडवावा, हलक्या हाताने दाबावा आणि दोनदा स्वच्छ पाण्यातून काढावा. कढत पाणी आणि जोराचे चोळणे दोन्ही टाळावे, कारण केसाच्या पृष्ठभागावरचे सूक्ष्म खवले एकमेकांत अडकून लवेचा नमदा होतो आणि मग तो सुटत नाही. पांढरी किंवा फार फिकट लव असेल तर ती घट्ट उकळलेल्या, दूध-साखर न घातलेल्या चहाच्या कोमट पाण्यात रात्रभर ठेवावी. ओढ्यातल्या दगडावरच्या त्या जीवाचा मातकट रंग तिला बऱ्यापैकी येतो.

वाळलेले केस कात्रीने साधारण एक ते दीड सेंटीमीटर लांबीचे कापावेत. त्याहून लांब केस धाग्याभोवती गुंडाळले जातात आणि टोके बाहेर येत नाहीत. मग दोन्ही प्रकार बोटांनी पुन्हा पुन्हा ओढून, एकावर एक ठेवून, परत ओढून पिंजावेत, म्हणजे लव आणि राठ केस सारखे मिसळतात. प्रमाण मोठे असेल तर झाकणाच्या बरणीत पाणी आणि साबणाचा एक थेंब घालून केस हलवावेत, चहाच्या गाळणीतून गाळावेत आणि वर्तमानपत्रावर वाळत टाकावेत. काही लोक यासाठी कॉफी दळण्याचे छोटे यंत्र वापरतात आणि ते काम उत्तम करते. घरातल्या मिक्सरचे चटणीचे भांडे मात्र वापरू नये. मी एकदा वापरले होते, आणि धुऊनपुसून जागेवर ठेवल्यानंतरही तिसऱ्या दिवशीच्या लसणाच्या चटणीत काय निघाले, हे आमच्या घरात अजून विसरले गेलेले नाही.

बाकीचे सामान

गळाचे भाग सांगताना मी इंग्रजी शब्दांच्या मागे लागत नाही. दोरी ओवायचे छिद्र म्हणजे नेढे, कारण सुईचे नेढे आणि राजगडाचे नेढे हा शब्द आपल्याकडे आधीपासून आहे. सरळ भाग म्हणजे दांडी, वळणाचा भाग म्हणजे बाक, आणि टोकामागचा उलटा दात म्हणजे आकडी. निंफासाठी नेहमीपेक्षा थोड्या लांब दांडीचा, बारा क्रमांकाचा गळ घ्यावा. क्रमांक वाढेल तसा गळ लहान होतो. सोळा क्रमांकाचा गळ नवशिक्याच्या बोटांना दमवतो, म्हणून पहिले वीस-पंचवीस निंफ बारावरच बांधावेत. गळ, सत्तर डेनियरचा धागा आणि धाग्याची नळी धरणारा बॉबिन या तीन गोष्टी ऑनलाइन मागवणेच बरे. शिवणाचा साधा धागा जाड पडतो आणि लहानशा डोक्यावर त्याचा ढीग होतो.

उरलेले सगळे पेठांत मिळते. बोहरी आळीत गुळगुळीत जबड्याचा छोटा टेबल-व्हाइस मिळतो. जबडे खरबरीत असतील तर त्यांना आतून पत्र्याची पट्टी लावावी, नाहीतर गळ चिरडतो. तपकीर गल्लीत मोटर वाइंडिंगची तांब्याची तार मिळते, आणि तिच्यावर इनॅमलचा थर असल्याने ती लवकर काळवंडत नाही. वजनासाठी चौतीस गेजची, म्हणजे सुमारे ०.२३ मिलिमीटर जाडीची, आणि पोटावरच्या वळ्यांसाठी अडतीस गेजची, म्हणजे सुमारे ०.१५ मिलिमीटरची तार घ्यावी. वजनासाठी शिशाची तार वापरण्याची जुनी पद्धत आहे, पण शिसे विषारी आहे आणि दर हंगामात काही फ्लाय दगडांत अडकून तुटतातच, तेव्हा ते नदीत सोडण्यापेक्षा तांबे बरे. इंग्लंडमध्ये एव्हन नदीची राखण करणाऱ्या फ्रँक सॉयर यांनी तर आपल्या प्रसिद्ध निंफात धाग्याच्या जागी तांब्याचीच तार वापरली होती. वळ्यांना सोनेरी झाक हवी असेल तर रविवार पेठेत मिळणारी बारीक जर चालते, आणि मूळ इंग्रजी निंफावरही सोनेरी जरच असते. मात्र ती पाण्यात फार काळ टिकत नाही. याखेरीज एक टोकदार लहान कात्री, एक दाभण, रिफिल काढून टाकलेले बॉलपेन, मधमाशीच्या मेणाचा सुपारीएवढा खडा, रंगहीन नेलपॉलिश आणि छातीवरच्या कवचासाठी गावरान कोंबडीच्या पंखाचे एखादे गडद तपकिरी किंवा काळे पीस लागते. मटण-चिकनच्या दुकानात ब्रॉयलरची पांढरी पिसे मिळतात, ती या कामाची नाहीत. पीस साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवावे, त्यावर पातळ नेलपॉलिशचा एक हात द्यावा आणि ते सुकल्यावर सुमारे तीन मिलिमीटर रुंदीची पट्टी कापून ठेवावी. पॉलिश न दिल्यास पट्टी वळवताना तिचे तंतू सुटे होतात.

प्रत्यक्ष बांधणी

सर्वांत आधी पक्कडीने गळाची आकडी दाबून सपाट करावी. मासा सोडून देणे त्यामुळे सोपे होते, आणि बोटात गळ घुसला तर आपलीही सुटका सहज होते. हे काम शेवटी करू नये, कारण पोलाद कडक असल्याने दाबताना क्वचित टोकच मोडते आणि तासाभराची मेहनत फुकट जाते. गळ व्हाइसमध्ये असा धरावा की दांडी आडवी राहील आणि नेढे बांधणाऱ्याच्या उजव्या हाताला येईल.

चौतीस गेजच्या तारेचे दहा-बारा वेढे दांडीच्या पुढच्या निम्म्या भागावर, छाती येणार त्या जागी, एकाला एक लावून द्यावेत. नेढ्याच्या मागे दोन मिलिमीटर दांडी पूर्ण मोकळी ठेवावी. ही मोकळी जागा वाचताना क्षुल्लक वाटते, आणि प्रत्येक नवशिका ती गिळून टाकतो, कारण पुढे प्रत्येक टप्प्यावर सामग्री थोडी थोडी पुढे सरकत येते. माझ्या पहिल्या सहलीला मी बांधून नेलेल्या बावीस निंफांपैकी चौदांची नेढी धाग्याने आणि पॉलिशने बुजलेली होती. तीर्थनच्या काठी, बोटे गारठलेली असताना, सुईने एकेक नेढे कोरत मी अर्धी सकाळ घालवली. तेव्हापासून दांडीवर नेढ्यामागे पेनने एक खूण करतो आणि शेवटच्या गाठीपर्यंत ती ओलांडत नाही.

आता धागा नेढ्यामागच्या खुणेपासून सुरू करावा. धाग्याचे टोक डाव्या हाताने दांडीला समांतर धरून त्याच्यावरूनच पाच-सहा वेढे मागे नेले की ते आपोआप अडकते, गाठ मारावी लागत नाही. तारेच्या वेढ्यांवरून आडवेतिडवे वेढे देत धागा मागे न्यावा, तारेच्या दोन्ही टोकांना धाग्याचा छोटा उतार करावा आणि बाक जिथे सुरू होतो तिथे थांबावे.

शेपटीसाठी राठ केसांची बारीक चिमूट, जेमतेम दहा-बारा केस, घ्यावी. टोके एका रेषेत आणावीत आणि मुळाकडची लव ओढून काढून टाकावी. शेपटीची लांबी दांडीच्या निम्म्याइतकी पुरे. केस दांडीवर ठेवून नुसता धागा ओढला तर ते धाग्याबरोबर फिरून पलीकडच्या बाजूला जातात, म्हणून चिमटीत धरण्याची पद्धत शिकून घ्यावी: डाव्या हाताच्या अंगठा आणि तर्जनी यांच्यात केस आणि दांडी दोन्ही धरावे, धागा त्याच चिमटीतून सैलसर वर नेऊन पलीकडून खाली आणावा, आणि मग चिमूट न सोडता तो सरळ खाली ओढावा. असे दोनदा केले की केस दांडीच्या माथ्यावर बसतात. शेपटीच्या मुळाशीच अडतीस गेजच्या तारेचे टोक दांडीच्या खालच्या अंगाला बांधून तार मागे लोंबती ठेवावी.

यापुढचा टप्पा म्हणजे केस धाग्यावर वळणे, आणि इंग्रजी पुस्तकांतून शिकताना मला तोच सर्वांत जड गेला. चित्रे पाहून मी लव धाग्याभोवती बोटांनी पुढे-मागे चोळत असे, ती क्षणभर बसे आणि बॉबिन सोडला की भुसभुशीत होऊन गळून पडे. एके दिवशी शेजारच्या खुर्चीवर आई श्रावणासाठी कापसाच्या वाती वळत बसली होती. तिने पेळूतून कापसाची चिमूट काढली, दोन्ही हातांनी ओढून तिचा पातळ पडदा केला, बोटाच्या टोकाला दुधाचा थेंब लावला आणि वात अंगठ्याखालून एकाच दिशेने सरकवली. पुढे-मागे नाही. ‘परत उलटी फिरवलीस तर सुटते’, एवढेच ती म्हणाली. लव वळण्याची कृतीही नेमकी हीच आहे, आणि ज्यांच्या घरात कुणी वाती वळताना पाहिले आहे त्यांना वेगळा गुरू करण्याची गरज नाही.

दुधाच्या जागी इथे मेण असते. मेणाचा खडा तळहातात धरून किंचित गरम करावा आणि बॉबिनजवळच्या पाच सेंटीमीटर धाग्यावरून एकदाच फिरवावा. मिश्रणातून चिमूटभर केस घ्यावेत आणि त्यांतले निम्मे परत ठेवावेत. राहिलेल्यांचा पातळ, आरपार दिसणारा पडदा करून तो धाग्याला टेकवावा आणि अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये एकाच दिशेने वळावा. दाब देताना बोटे घट्ट, परत येताना पूर्ण मोकळी. सुरुवातीच्या भागात केस अगदी विरळ आणि पुढे थोडे अधिक असे चार-पाच सेंटीमीटर वळले की पुरते. वळलेल्या केसांतून धागा अंधुक दिसला पाहिजे. तो दिसत नसेल तर केस जास्त झाले आहेत, आणि मी पाहिलेल्या बहुतेक फसलेल्या निंफांचे दुखणे हेच होते: ते निंफ न दिसता केसाळ सुरवंटासारखे दिसत.

हा वळलेला धागा शेपटीच्या मुळापासून पुढे, एकाशेजारी एक असे वेढे देत न्यावा. पोट शेपटीकडे बारीक आणि पुढे जाड व्हायला हवे, आणि दांडीच्या साठेक टक्क्यांवर थांबायला हवे. चाळीस टक्के जागा छाती आणि डोके यांसाठी आहे. मग लोंबती तार घेऊन तिचे पाच किंवा सहा वेढे, समान अंतर ठेवून, केसांच्या उलट दिशेने द्यावेत. केस आपल्यापासून पलीकडे गुंडाळले असतील तर तार पलीकडून आपल्याकडे यावी. सरळ दिशेने दिली तर ती केसांच्या वेढ्यांमध्ये रुतून नाहीशी होते. उलट दिशेने दिली तर ती प्रत्येक वेढ्याला आडवी जाऊन त्याला जखडते, आणि माशाच्या दातांनी एखाद्या जागी धागा तुटला तरी पोट उलगडत नाही. तार पुढच्या टोकाला धाग्याने पक्की बांधावी आणि कात्रीने न कापता मागे-पुढे हलवून तोडावी. कापली तर टोकदार खुंट राहतो, जो पुढे धागा चिरतो, आणि कात्रीची धारही जाते.

पिसाची पट्टी पोटाच्या पुढच्या टोकावर, तिची चकचकीत बाजू खाली ठेवून, मागे लोंबेल अशी बांधावी. नंतर ती पुढे दुमडली की चकाकी आपोआप वर येते. पट्टी दांडीच्या बरोबर मध्यावर आणि पोटाला अगदी लागून बसली पाहिजे. मध्ये फट राहिली तर कवच आणि पोट यांच्यात धाग्याची उघडी पट्टी दिसते.

छातीसाठी दुसरे, अधिक राठ मिश्रण घ्यावे. हे केस नुसते वळले तर निसटतात, म्हणून धाग्याचा फास करावा: धागा आठ-दहा सेंटीमीटर खाली सोडून परत दांडीवर आणून बांधावा, म्हणजे लांबट कडी तयार होते. कडीच्या आत मेण लावलेल्या धाग्यांमध्ये केस आडवे, विरळ पसरावेत आणि कडीच्या तळाशी कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा अडकवून तो गरागरा फिरवावा. पीळ बसताच केस चहूबाजूंनी उभे राहतात आणि बाटली धुण्याच्या ब्रशासारखी दोरी दिसते. ती पोटापासून नेढ्यामागच्या खुणेपर्यंत, प्रत्येक वेढ्याला केस मागे सारत, तीन-चार वेढ्यांत गुंडाळावी. छाती पोटाच्या साधारण दीडपट जाड व्हावी. पट्टी आता पुढे ओढून छातीवर ताणून धरावी, खुणेच्या मागेच चिमटीच्या पद्धतीने तीन-चार वेढ्यांनी बांधावी आणि उरलेले टोक कापावे.

डोके लहान ठेवावे. धाग्याचे सात-आठ वेढे आणि मग गाठ. या गाठीसाठी खास साधने मिळतात, पण रिफिल काढलेल्या बॉलपेनाचे निमुळते टोक तेच काम करते. ताणलेल्या धाग्याचा एक वेढा पेनाच्या टोकाभोवती असा द्यावा की धागा स्वतःलाच आडवा जाईल, टोकाचे छिद्र गळाच्या नेढ्यावर बसवावे, आणि वेढा हळूच सरकवून डोक्यावर आणून आवळावा. अशा तीन गाठी मारल्यावर धागा कापावा. दाभणाच्या टोकावर नेलपॉलिशचा एकच थेंब घेऊन तो डोक्यावर टेकवावा. बाटलीतला ब्रश वापरला तर पॉलिश छातीच्या केसांत मुरते आणि ते काड्यांसारखे ताठ होतात. पॉलिश ओले असतानाच नेढ्यातून दाभणाचे टोक किंवा एखादे राठ पीस आरपार फिरवून घ्यावे.

पॉलिश वाळल्यावर शेवटचे काम येते आणि बरेच जण तेच घाईत उरकतात. आइस्क्रीमच्या काडीवर वेल्क्रोच्या खरखरीत बाजूचा तुकडा चिकटवून ठेवावा आणि त्याने छातीच्या दोन्ही बाजूंचे व खालचे केस बाहेर ओढावेत. ते मागे झुकलेले आणि असमान असू द्यावेत. कात्रीने ते सारखे करण्याचा मोह आवरावा, कारण राठ केसाचे नैसर्गिक निमुळते टोक पाण्यात हलते आणि कापलेले बोथट टोक हलत नाही. पोटाच्या बाजूंनी मात्र दोन-तीन ओढण्याच पुरेत. तिथे झालर हवी, पाय नकोत. कवचाच्या वर आलेला एखादा लांब केस काढून टाकला की निंफ तयार झाला.

पहिल्या निंफाला तासभर लागतो, दहाव्याला वीस मिनिटे. एकाच क्रमांकाचे, एकाच रंगाचे सहा निंफ लागोपाठ बांधावेत आणि मग ते एका ओळीत ठेवून पाहावे. आपल्या हाताचा दोष एका निंफात लपतो, सहांत लपत नाही. माझे कवच नेहमी डावीकडे कलते, हे मला असेच कळले.

नंतर काचेच्या उभ्या पेल्यात पाणी भरून त्यात निंफ सोडावा. कोरडा निंफ बहुधा काही क्षण पृष्ठभागावर अडून राहतो, कारण केसांत हवा भरलेली असते. त्यात काही बिघडलेले नाही. तो बोटांच्या चिमटीत पाण्याखाली दोन-तीनदा दाबावा, म्हणजे मोठे बुडबुडे निघून जातात आणि तो छाती खाली करून उतरू लागतो. नदीवर पहिल्या फेकीआधीही असेच करावे. तळाशी गेल्यावर पेला किंचित गोल फिरवावा आणि छातीचे केस पाहावेत. ते प्रवाहाबरोबर मागे दबून परत उघडत असतील तर मिश्रण जमले. सगळे एकदम आडवे होऊन तसेच राहत असतील तर लव जास्त आहे, आणि काहीच हलत नसेल तर पॉलिश मुरले आहे किंवा केस फार जाड आहेत.

पेल्यातून काढलेला निंफ लगेच डबीत टाकू नये. पुण्याच्या पावसाळ्यात हवेतली ओल गळाला गंज चढवते आणि गंजाचा डाग लवेत उतरतो. म्हणून निंफ पंख्याखाली रात्रभर वाळवून, थर्माकोलच्या तुकड्यात टोचून, औषधांच्या बाटलीत येणारी सिलिका जेलची पुडी सोबत ठेवून डबी बंद करावी. उरलेले केस प्लास्टिकच्या पिशवीत न ठेवता कागदी पाकिटात, डांबराच्या एका गोळीसह ठेवावेत, आणि पाकिटावर कोणाचे केस, कधी काढले आणि कशात मिसळले हे लिहावे. माझ्याकडच्या एका पाकिटावर ‘ब्रूनो, मार्च, तीनास एक’ असे लिहिलेले आहे. त्या मिश्रणाने मला आजवरचे सर्वांत चांगले पोट दिले आहे, आणि ब्रूनो या वर्षीही वेळेवर झडायला लागला आहे.